दुरून दिलेली आज्ञा

नव्या संगणकाच्या बाबतीत आरंभीच एक कोडे उभे राहते. कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, असल्याखेरीज संगणक काम करू शकत नाही. आणि कार्यप्रणाली बसवणे हेही एक कामच आहे. यंत्र एकच असेल, तर मनुष्य त्याच्यासमोर बसून हे कोडे सोडवतो. परंतु दूरच्या इमारतीत शेकडो सर्व्हर रांगेने उभे असतील, तर ही रीत अपुरी पडते.

यावरचा उपाय असा, की यंत्रानेच नेटवर्कवर हाक द्यावी. डिस्क कोरी असली, तरी नेटवर्क कार्डात एक लहानसा प्रोग्रॅम साठवलेला असतो. यंत्र सुरू होताच तो आपला ओळखक्रमांक सांगून पत्ता मागतो. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बूटपी’ या नियमावलीने, उत्तरात पत्त्यासोबत सुरुवातीच्या फाइलचे नावही देण्याची सोय केली. पुढे इंटेल कंपनीच्या ‘पीएक्सई’ने या पद्धतीला सर्वमान्य रूप दिले. ती फाइल आली, की तिच्यामागून कार्यप्रणाली येते. भाषा कोणती, डिस्कचे भाग किती, या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असतात.

कोणत्या क्रमांकाच्या यंत्राला काय द्यावयाचे, याची यादी व्यवस्थापन सॉफ्टवेअर सांभाळते. सर्व्हरमध्ये ‘बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर’ नावाचा एक स्वतंत्र छोटा संगणकही असतो. मुख्य यंत्र बंद असतानाही तो जागा राहतो आणि दुरून आलेल्या आज्ञेनुसार ते सुरू करतो.

मात्र जी आज्ञा शेकडो यंत्रे उभी करते, तीच ती पुसूनही टाकू शकते. मे २०१४ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठात विंडोज ७ नव्याने बसवण्याची आज्ञा चुकून सर्व विंडोज संगणकांकडे गेली. तिचे पहिले पाऊल डिस्क पुसण्याचे होते. चूक ध्यानात आली, तोवर आज्ञा देणाऱ्या सर्व्हरची डिस्कही पुसली गेली होती.

म्हणून जाणते संचालक आज्ञा प्रथम मोजक्या यंत्रांवर पारखतात, व्यवस्थापनाचे नेटवर्क वेगळे राखतात आणि माहितीची प्रत अन्यत्र ठेवतात. यंत्र आज्ञा पाळते. ती योग्य आहे की नाही, हे ते विचारत नाही. तो प्रश्न आज्ञा देण्यापूर्वी मनुष्यानेच स्वतःला विचारावयाचा असतो.