लांडगा लंडनचा, गुपित गावाचं

आमच्या गटानं १९८१ सालचा ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ पाहिला. पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो आणि भर शहरात माणसं मारतो. त्या रंगभूषेला ऑस्कर मिळालंय. हाडं ताणायला लागली तशी निम्म्या जणींनी पदर डोळ्यांवर घेतला. मधेच हसवतोही, काहींना तेच खटकलं, मेलेल्यांची कसली थट्टा!

खरा वाद पेटला तो सुरुवातीवरून. यॉर्कशायरच्या माळावरच्या खेड्याला लांडगा ठाऊक होता. तरी वाट सोडू नका असं सांगून दोन परकी पोरं रात्री बाहेर जाऊ दिली. एक मेला, दुसरा लांडगा झाला. गावानं मात्र वेड्याचा हल्ला म्हणून सांगितलं. भ्यालं असेल गाव, काही म्हणाल्या. बाकीच्या उसळल्या: अब्रूपायी गप्प बसलेली गावं आपण कमी पाहिलीत?