ठाण्यातला संगणक आणि आपली तक्रार



मागे गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "तक्रार द्यायला गेले, तर सांगितलं, टाइप करणारे साहेब सुट्टीवर आहेत, उद्या या." तिच्या खात्यातून पैसे गेले होते. तिला उद्यापर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं.

असं का होतं? पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याची सीसीटीएनएस योजना केंद्राने २००९ साली मंजूर केली. आता गुन्ह्याची नोंद संगणकावर होते. राज्याचे फौजदार आपल्या नाशिकच्या पोलीस अकादमीत तयार होतात. नव्या पोरापोरींना मोबाईल, संगणक सवयीचा असतो. पण ज्यांची निम्मी नोकरी पेनाने लिहिण्यात गेली, त्यांची बोटं अडखळतात. मग सगळं काम एक-दोघांवर येतं. गटाचा हिशेब मोबाईलवर भरताना आपलीही तीच गत झाली होती, म्हणून त्यांची अडचण आपल्याला कळते. पण तिचा भुर्दंड तक्रारदार बाईने का भरावा?

कायदा काय म्हणतो, ते लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती तोंडी दिली तरी पोलिसांनी ती लिहून घ्यायची आणि आपल्याला वाचून दाखवायची. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी नोंद करता येते. माहिती ऑनलाइन पाठवली, तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंद घेतलीच नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवता येतो.

वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. टाइप करताना आपलं म्हणणं दोन ओळींत आटोपलं जातं. तारीख, रक्कम, नाव सुटलं, तर पुढे तपासात आपलीच बाजू लंगडी पडते.

आणि फसवणुकीने पैसे गेले, तर ठाण्यात जाण्याआधी १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त.

येत्या बैठकीत हे दोन नंबर हिशेबवहीच्या पहिल्या पानावर लिहा: १९३० आणि तातडीच्या मदतीसाठी ११२. ठाण्यात जायची वेळ आलीच, तर एकटीने जाऊ नका, गटातली एक तरी बाई सोबत घ्या.