हुकमाची मुदत आणि कारागिराचे वर्ष



मूर्तिकारांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत याबद्दल मी ऋणी आहेच. परंतु संमेलन पेण शहरात न भरवता जोहे येथे भरवलेत, याचे औचित्य मला विशेष वाटते. राज्याचे धोरण आणि गावाची अर्थव्यवस्था यांचा परस्परसंबंध ग्रंथांतून जेवढा उमगतो, त्याहून स्पष्टपणे तो येथील पडव्यांतून मांडलेल्या कच्च्या मूर्तींच्या रांगांतून उमगतो. एकपिकी भातशेतीच्या या खारेपाटात भात कापून झाल्यावर हातांना काम नसे. पेणच्या आळ्यांत वाढलेली ही गणेशमूर्ती घडवण्याची कला हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत आली, तिने त्या रिकाम्या हातांना वर्षभराचा उद्योग दिला आणि येथील मूर्ती मुंबई-पुण्याच्या बाजारपेठांतून थेट सातासमुद्रापार नेली. कोणत्याही पंचवार्षिक योजनेत ज्याची तरतूद नव्हती, असे हे औद्योगिकीकरण आहे, आणि ते घराघरांतून झाले आहे.

या उद्योगाचे वर्ष चैत्रात किंवा एप्रिलात सुरू होत नाही. विसर्जन आटोपते न आटोपते तोच पुढील हंगामाचे साचे बाहेर निघतात. थंडीत आणि उन्हाळ्यात ओतकाम व घासकाम चालते. पाऊस सुरू होण्यापूर्वी माल सुकला पाहिजे. आणि मग रंगकाम, आखणी, दागिन्यांचे काम, ज्यात घरोघरच्या स्त्रियांचा हात फार मोठा आहे, गणेश चतुर्थीपर्यंत अखंड चालते. म्हणजे जो पैसा भाद्रपदात हाती यायचा, तो आदल्या आश्विनापासून उसनवारीने गुंतवलेला असतो.

या कालक्रमावर सरकारी हुकूम कसे येऊन आदळले ते पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्धची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे मे 2020 मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या भर काळात आणि माल तयार असताना प्रसृत केली. त्याच महिन्यात त्यांच्या अंमलबजावणीस एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. त्यानंतर जुलैमध्ये राज्य सरकारने सार्वजनिक मूर्तीची उंची चार फूट आणि घरगुती मूर्तीची दोन फूट ठरवली, तेव्हा मोठ्या मूर्ती कारखान्यांत घडून उभ्या होत्या. पुढे 30 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्तींवरील बंदीची कठोर अंमलबजावणी करण्याचे फर्मावले. 9 जूनला, बंदी घडवण्यावर नसून नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनावर आहे असा खुलासा केंद्रीय मंडळाच्या तज्ज्ञ समितीकडून आल्यावर, मूर्ती घडवण्यास मुभा मिळाली. आणि सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्याचा आदेश जुलैच्या अखेरीस निघाला. चतुर्थी 27 ऑगस्टला होती. जे महिने ओतकामाचे, ते संशयात गेले. मुभा मिळाली तेव्हा पाऊस दाराशी आला होता. त्याच जुलैत राज्य शासनाने गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला, ही गोष्ट मी केवळ काळाच्या नोंदीसाठी सांगतो.

बंदीमागील हेतू अनुचित आहे असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणारांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, रंगांतील विषारी द्रव्ये जलचरांना बाधतात, आणि ज्या खाडीवर मासेमारी करणारे आपले शेजारी जगतात, तिच्या शुद्धतेवर त्यांचा हक्क आपल्या धंद्याच्या हक्काहून कमी नाही. परंतु हेतूची योग्यता हुकमाची रीत योग्य ठरवत नाही. शाडूची मूर्ती जड, ठिसूळ आणि सुकायला दिवस घेणारी. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होऊन साच्यातून निघते. एकाची जागा दुसऱ्याने घ्यावयाची तर माती, सुकवण्यास ऊन-वाऱ्याची जागा, नवे साचे, वाहतुकीतील तुटीचा भार आणि सर्वांत आधी भांडवल लागते. मोठा कारखानदार हा फेरबदल पेलेल. ज्याचा कारखाना म्हणजेच त्याची पडवी आहे, त्याचे त्या एका हंगामात कर्ज थकते, आणि रंगकाम करणाऱ्या बाईची मजुरी तर कुठल्याही दफ्तरात नोंदलेली नसल्यामुळे तिच्या नुकसानीचा अर्जही होऊ शकत नाही.

भांडवलाच्या प्रश्नावर बोलताना रोह्याचे चिंतामणराव देशमुख यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ते देशाचे अर्थमंत्री असताना, 1954 साली रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीने दाखवून दिले की शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून जेमतेम तीन टक्के येते, बाकी बहुतांश सावकाराकडून. आणि 1955 मध्ये स्टेट बँक स्थापन झाली ती मुख्यत्वे ही उणीव भरून काढण्यासाठी. धोरण तथ्याची चौकशी करून, संस्था उभारून आणि मग नियम लावून पुढे जाऊ शकते, याचा हा दाखला आहे. आज त्याच्या उलट क्रम दिसतो. पेणच्याच अर्बन सहकारी बँकेचे व्यवहार 2010 साली थांबले, ठेवीदारांची पिढीची बचत अडकली, आणि लहान माणसाला पत देणारी जी जवळची जागा होती ती रिकामीच राहिली. 2023 सालच्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत मूर्तिकाराचा समावेश आहे, पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंतचे कर्ज पाच टक्के व्याजाने मिळते. ते स्वागतार्ह आहे, परंतु ते आश्विनात हाती पडले पाहिजे, ज्येष्ठात नव्हे.

म्हणून या व्यासपीठावरून शासनाकडे माझी मागणी अशी आहे की मूर्तींसंबंधी कोणताही नवा नियम अनंत चतुर्दशीनंतर पंधरवड्याच्या आत जाहीर व्हावा आणि त्या हंगामात तो बदलू नये. शाडूचा पुरवठा तालुक्यात सार्वजनिक आगारातून ठरावीक दराने व्हावा. सुकवण्याच्या शेडी गावठाणालगत सामाईक उभाराव्यात. आणि कच्ची मूर्ती तारण ठेवून कर्ज देण्याची वहिवाट बँकांनी पाडावी. या मागण्यांचा ठराव आज दुपारच्या सत्रात चर्चेला ठेवला आहे. त्यावर बोलताना रंगकाम करणाऱ्या भगिनींना प्रथम वेळ द्यावा, अशी विनंती मी स्वागताध्यक्षांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे.