नव्या इमारतीचे बाह्यांग : गाळेधारकाने काय पाहावे?

(सुवर्ण महोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मंडई परिसराचे रूप गेल्या काही वर्षांत झपाट्याने पालटले आहे. शुक्रवार पेठ, रविवार पेठ, बुधवार पेठ, लक्ष्मी रस्ता या भागांतील कित्येक जुने वाडे उतरवले गेले आणि त्यांच्या जागी खाली दुकाने व वर कार्यालये अशा व्यापारी इमारती उभ्या राहिल्या. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या भूगर्भातून मेट्रोही धावू लागली. समाजातील अनेक कुटुंबांनी आयुष्यभराची पुंजी या नव्या इमारतींतील गाळ्यांत गुंतवली आहे. गाळा घेताना व्यापारी क्षेत्रफळ मोजतो, रस्त्याची रुंदी पाहतो, करारपत्र वकिलाकडून वाचून घेतो. परंतु ज्या भिंतींच्या आत तो गाळा आहे, त्या भिंतींना बाहेरून एक फेरी मारावी असे मात्र त्याच्या मनात येत नाही. हाच व्यापारी कापडाचा तागा घेताना तो उलगडतो, उजेडासमोर धरतो, काठ तपासतो आणि एक धागा सुटलेला दिसला तरी माल परत करतो. काही हजारांच्या मालाला जी पारख लाभते, ती लाखो-कोटींच्या वास्तूला लाभू नये, हे नवल म्हटले पाहिजे.

याचे कारण उघड आहे. गाळा एकाचा असतो. बाहेरची भिंत सर्वांची असते, आणि जे सर्वांचे असते त्याकडे पाहणारा कोणीच नसतो. तथापि इमारतीचे दुखणे प्रथम बाहेरच्या भिंतीवरच दिसते. आत ओल उतरेपर्यंत बाहेरची भेग एक-दोन पावसाळे जुनी झालेली असते.

मंडईच्या मध्यभागी या विषयाचा एक उत्तम वस्तुपाठ उभा आहे. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने १८८६ मध्ये सुरू झालेली ही दगडी वास्तू पुढे महात्मा फुले मंडई झाली. पुण्याच्या नगरपालिकेत सभासद असताना या बाजाराच्या खर्चाला ज्यांनी विरोध केला, त्यांचेच नाव आज या वास्तूला आहे, हा इतिहासाचा योगायोग. महात्मा फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. दगड, चुना, वीट यांची पारख त्यांना होती आणि सार्वजनिक बांधकामांतील लबाडीवर त्यांनी कठोर टीका केली. या इमारतीचा अष्टकोनी मनोरा आणि उतरती छपरे नीट न्याहाळावीत. भिंतीवर पडलेले पाणी तेथे रेंगाळू नये, ते लवकर बाहेर फेकले जावे, हा विचार त्या रचनेत दिसतो. बांधकामाचा पहिला वैरी पाणी आहे, हे जुन्या कारागिरांनी ओळखले होते. नव्या इमारतीची बाह्य तपासणी म्हणजे पाणी कोठे थांबते आणि कोठून आत शिरते याचा शोध होय.

ही तपासणी केव्हा करावी? एकदा ताबा घेण्यापूर्वी, आणि दुसऱ्यांदा पहिल्या पावसाळ्यात. कोरड्या दिवसांत सगळ्याच इमारती सुंदर दिसतात. मोठी सर ओसरल्यावर तासाभराने भिंत पाहिली, तर सभोवतालचा गिलावा सुकत आला असतानाही जेथे ओलसर डाग टिकून राहतो, तेथे दोष असण्याचा संभव असतो. सोबत दुर्बीण, मोजपट्टी, ओळंबा, छायाचित्रासाठी भ्रमणध्वनी आणि एक वही एवढे साहित्य पुरते. पाहणी जमिनीपासून सुरू करून वर जावे.

प्रथम जोते पाहावे. भिंत आणि सभोवतालची फरसबंदी यांच्यामध्ये फट पडली आहे काय, फरशीचा उतार भिंतीपासून दूर आहे की भिंतीकडे, हे तपासावे. पेठांतील जमिनीखाली वाड्यांच्या बुजवलेल्या विहिरी आहेत, जुने हौद आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पाणी आणणाऱ्या भुयारी नळाचे भाग आणि त्यावरील उच्छ्वासही आहेत. अशा भरावावर पाया नीट घेतला नसेल, तर इमारतीचा एक भाग दुसऱ्यापेक्षा अधिक खचतो आणि भिंतीवर तिरकी किंवा पायऱ्यापायऱ्यांची भेग उमटते. ही भेग गंभीर समजावी.

प्रत्येक भेग मात्र भयावह नसते. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा दिसल्या, तर त्या बहुधा गिलावा लवकर सुकल्याच्या खुणा असतात. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक ४५६ सांगते. गिलाव्यालाही पाणी मारावेच लागते, आणि घाईच्या कामात नेमके तेच टाळले जाते. काँक्रीटचा खांब किंवा तुळई आणि विटांची भिंत जेथे मिळतात, त्या रेषेवरून सरळ भेग गेली असेल, तर सांध्यावर जाळी बसवली नसल्याची शंका घ्यावी. दोन्ही पदार्थ उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात व सांधा उकलतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, किंवा महिन्यागणिक रुंदावणारी भेग अभियंत्याला दाखवावी. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. सहा महिन्यांनी भेग खुणेच्या पुढे गेली असेल, तर ती जिवंत आहे असे समजावे.

त्यानंतर हात पोहोचेल तेथे गिलाव्यावर लाकडी दांडक्याने हलके ठोकून पाहावे. घट्ट गिलावा भरीव वाजतो, सुटलेला पोकळ वाजतो. मडके घेताना गृहिणी जी परीक्षा करते, तीच ही परीक्षा. पोकळ भाग उंचावर असेल, तर खालून जाणाऱ्या वाटसरूच्या मस्तकावर तो केव्हा येईल हे सांगता येत नाही. भिंतीवर पांढरा लोणा आला असेल, तर पाणी आतून वाट काढीत आहे. तांबूस डाग उमटले असतील, तर सळईवर काँक्रीटचे आवरण कमी पडले आणि सळई गंजू लागली आहे, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. गंजलेले लोखंड फुगते आणि बाहेरचे काँक्रीट फोडून टाकते. त्यावर रंगाचा हात फिरवणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

पुढे खिडक्या, छज्जे आणि गच्ची. खिडकीच्या खालच्या दगडाचा उतार बाहेर असावा. छज्ज्याच्या खालच्या अंगाला कडेजवळ खाच असावी, म्हणजे पागोळी तेथेच तुटते. खाच नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीवर येते. गच्चीच्या कठड्याचा माथा गच्चीच्या बाजूला उतरता असावा. कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यात गोलाकार वाटा नीट भरलेला असावा. पावसाच्या पाण्याचे नळ भिंतीला घट्ट आवळलेले व तळाशी मोकळे असावेत. ताबा घेण्यापूर्वी गच्चीवर पाणी साठवून दोन दिवस ठेवण्याचा आग्रह सर्व गाळेधारकांनी मिळून धरावा.

अलीकडे दर्शनी भागावर काच, दगडी लादी किंवा ॲल्युमिनियमचे पत्रे लावण्याची प्रथा आहे. उंचावरची लादी केवळ सिमेंटने चिकटवली आहे की पोलादी पकडींनी धरली आहे, हे विकासकाला विचारावे. पत्र्यांच्या बाबतीत त्यांच्या पोटात कोणता पदार्थ आहे, याचे लेखी प्रमाणपत्र मागावे. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला आग लागली, ती बाहेरच्या आवरणावरून वरपर्यंत पसरली आणि ७२ जणांचे प्राण गेले. त्या पत्र्यांच्या पोटात ज्वालाग्राही प्लास्टिक होते. कापडाच्या दुकानांनी भरलेल्या इमारतीला हा प्रश्न विचारणे किती अगत्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

या सर्व दोषांसाठी विकासकाला जबाबदार धरताना व्यापाऱ्याने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. ताबा मिळताच प्रत्येक जण भिंतीला भोके पाडून नामफलक लावतो, वातानुकूलन यंत्राचे कंस ठोकतो, त्याचे पाणी भिंतीवर सोडतो, केबल ओढतो. नंतर ओल आली की विकासक त्या भोकांकडे बोट दाखवतो, आणि त्याचे म्हणणे खोडणे अवघड जाते. म्हणून पहिला खिळा ठोकण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि फलक कोठे व कसे लावायचे याचा एकच नियम सर्वांनी मिळून करावा.

दोष सापडल्यावर कायदा गाळेधारकाच्या पाठीशी आहे. मात्र तो मुदतीने बांधलेला आहे. लोक ज्याला ‘रेरा’ म्हणतात, त्या २०१६ च्या कायद्यात दुकान, कार्यालय आणि गोदाम यांचाही समावेश होतो. त्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून ५ वर्षांच्या आत रचनेतील, कारागिरीतील किंवा दर्जातील दोष निदर्शनास आणून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून दिला पाहिजे. न केल्यास नुकसानभरपाई मागता येते. पेठांतील पुष्कळ भूखंड लहान आहेत, आणि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा ८ पर्यंत गाळे असलेल्या प्रकल्पांना या कायद्याखाली नोंदणीची सक्ती नाही. अशा इमारतींतील गाळेधारकांनी राज्याच्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यातील ३ वर्षांची मुदत ध्यानात ठेवून वकिलाचा सल्ला वेळीच घ्यावा.

येथे खरी मेख आहे. विकासकाची जबाबदारी ५ वर्षांनी संपते. महापालिका कायद्यानुसार इमारतीच्या संरचनेची सक्तीची तपासणी ३० वर्षांनी येते. मधली २५ वर्षे त्या भिंतीकडे पाहण्यास कायदा कोणालाही सक्तीने पाठवत नाही. न्यूयॉर्क शहरात १९७९ साली एका इमारतीचा सुटलेला तुकडा पडून पदपथावरून चाललेली एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी मरण पावली. दुसऱ्याच वर्षी त्या शहराने कायदा केला, आणि सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या दर्शनी भागाची तपासणी दर ५ वर्षांनी बंधनकारक झाली. पुण्यातही अशा दुःखाचा अनुभव आहे. २९ जून २०१९ रोजी मुसळधार पावसात कोंढव्यातील एका गृहसंकुलाची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि लहान मुलांसह १५ जण मृत्युमुखी पडले. भिंतीच्या आतल्या बाजूस राहणाऱ्यांना इजा झाली नाही. जे मेले, त्यांचा त्या भिंतीशी मालकीचा काही संबंध नव्हता. मंडईच्या गल्लीतून रोज जाणारे हमाल, भाजीवाल्या, शाळेची मुले यांचा तरी गाळेधारकाच्या भिंतीशी कोणता संबंध असतो? तिच्या सावलीतून ते जातात, एवढाच. भिंतीची मालकी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यावरच या वाटसरूंचा भार आहे.

म्हणून प्रत्येक नव्या इमारतीच्या गाळेधारकांनी एक ‘इमारत-वही’ ठेवावी. दुकानात रोजकीर्द असते, तशीच ही. दर वर्षी मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर दिवाळीपूर्वी एकदा, दोन-तीन जणांनी मिळून फेरी मारावी. दोष कोणत्या दिशेला, कोणत्या मजल्यावर, केवढा, कोणत्या तारखेला दिसला हे लिहावे; छायाचित्र जोडावे; उपस्थितांनी सही करावी. पहिल्या पाच वर्षांत दोष आढळला, की तोंडी विनवण्या करीत न बसता संस्थेच्या नावाने विकासकाला पोच घेऊन पत्र द्यावे. पाचवे वर्ष सुरू होताच स्वतंत्र अभियंत्याकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावी. तिचा खर्च सर्वांत वाटला, तर तो एकेकाच्या वाट्याला अल्पच येतो. पुढच्या २५ वर्षांतही वही बंद करू नये.

व्यापारी समाजाची प्रतिष्ठा चोख हिशेबावर उभी आहे. वर्षाअखेर मालाची मोजदाद केल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याने ज्या वास्तूत तो माल ठेवला आहे तिचीही वर्षातून दोनदा मोजदाद करावी, एवढीच या प्रसंगी विनंती आहे. येत्या पावसाची पहिली मोठी सर ओसरली, की प्रत्येक गाळेधारकाने दुकानाबाहेर येऊन चार पावले मागे सरकावे आणि मान वर करून आपल्या भिंतीकडे पाहावे.

जय जिनेंद्र!