पंचनामा आणि समाजाचे दायित्व



पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण ओलांडले की डाळज लागते. शेजारी उजनीचा विस्तीर्ण जलाशय. त्यासाठी भीमाकाठच्या गावांनी आपल्या कसदार जमिनी दिल्या. पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाशी झुंजलेल्या या इंदापूर तालुक्याला ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने तडाखा दिला. मे २०२५ मध्ये बारामती-इंदापूर परिसर पुन्हा जलमय झाला. नीरा डावा कालवाही फुटला.

अशा वेळी शासनाची मदत येते, ती कशी? तिचा पाया आहे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. पूर्वी पिकाची निम्मी हानी झाल्याखेरीज शेतकरी पात्र ठरत नसे. २०१५ मध्ये ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आणली गेली. २०२२ च्या केंद्रीय निकषांनुसार हेक्टरी मदत अशी: जिरायतीस ८,५०० रुपये, बागायतीस १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांस २२,५०० रुपये, तीही दोन हेक्टरांपर्यंत. राज्य शासनाने वेळोवेळी यात भर घातली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले.

आकडे मोठे वाटतात. परंतु हेक्टरी १७,००० म्हणजे एकरी सात हजारांहूनही कमी. बागायतदाराचा लागवडीचा खर्चही त्यातून निघत नाही. ही नुकसानभरपाई नव्हे. पुढच्या पेरणीपर्यंत तग धरण्यासाठी दिलेला आधार आहे. म्हणूनच तो वेळेवर आणि योग्य हाती पडणे महत्त्वाचे.

नेमकी येथेच अडचण आहे. मदत पंचनाम्यावर ठरते, पंचनामा सातबाऱ्याशी जोडलेला असतो आणि सातबारा घाम गाळणाऱ्याच्या नावावर असतोच असे नाही. वाट्याने शेती करणाऱ्याचे बी-बियाणे वाहून जाते, पैसे मात्र मालकाच्या खात्यात जमा होतात. पतीच्या निधनानंतर वारसनोंद न झालेली भगिनी यादीबाहेर राहते. भावाभावांच्या सामाईक खात्यात एकाची संमती नसली, तरी साऱ्यांचे पैसे अडकतात. ई-पीक पाहणीत पीक नोंदविलेले नसले किंवा आधारजोडणी अपुरी असली, तर खेटे सुरू होतात.

या संदर्भात १८९६ च्या दुष्काळाचे स्मरण उचित ठरेल. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या माध्यमातून दुष्काळ संहितेतील तरतुदी खेड्यापाड्यांत पोहोचविल्या. पीक बुडाले असता साऱ्यात सूट मागणे हा रयतेचा अधिकार आहे, हे निर्भयपणे सांगितले. राज्य परकीयांचे होते, तरी त्यांच्याच कायद्याचे पुस्तक शेतकऱ्याच्या हाती देण्यात आले. आज राज्य आपले आहे. मग ते दायित्व कमी कसे होईल?

आपत्तीच्या दिवशी अन्नाची पाकिटे घेऊन धावणारे हात आपल्या समाजात पुष्कळ आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. पाणी ओसरल्यानंतरचे काम मात्र कंटाळवाणे असते. त्यात टाळ्या नसतात, छायाचित्रेही नसतात. पंचनाम्याच्या वेळी शेतकऱ्यासोबत बांधावर उभे राहणे, चावडीवर लागलेली यादी निरक्षर बांधवाला वाचून दाखविणे, राहिलेल्या नावाचा अर्ज लिहून देणे, आणि पाऊस येण्यापूर्वीच गावातील वारसनोंदी पूर्ण करून घेणे, ही ती कामे. जमीनमालकांनी वाटेकऱ्याला त्याचा हिस्सा स्वतःहून द्यावा, हे सांगण्याचे धैर्यही गावातीलच कुणीतरी दाखवावे लागेल.

शासन निधी देऊ शकते; शेजारधर्म मात्र समाजालाच पाळावा लागतो. गावातील शेवटच्या पात्र कुटुंबाच्या खात्यात त्याचा हक्काचा पैसा जमा होईपर्यंत आपत्ती संपली असे कुणी मानू नये, एवढीच अपेक्षा.