तळें, विहीर आणि बदलतें आभाळ
(महोत्सवप्रसंगीं नागभीड येथें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं गतकाळाचें स्मरण करावें आणि पुढील पिढीच्या हिताचा विचार करावा, हा आपला शिरस्ता आहे. आज मला पाण्याविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. विषय साधा दिसतो. परंतु त्यांत आपल्या लेंकरांच्या हाडांचा, धानाच्या पिकाचा व गांवाच्या एकोप्याचा प्रश्न गुंतलेला आहे. माझें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. पाणी कमी पडणें आणि पाणी वाईट होणें हे आपण दोन निरनिराळे रोग समजतों. वस्तुतः आपल्या ह्या झाडीपट्टींत तो एकच रोग आहे, आणि आभाळाचा स्वभाव बदलूं लागल्यापासून तो बळावत चालला आहे.

प्रथम आपल्या भूमीकडे पाहूं. पूर्व विदर्भांत वर्षाकांठीं सुमारें १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. इतका पाऊस ज्या प्रदेशाला लाभतो त्याला पाण्याची वाण कां पडावी? कारण असें कीं, तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच पडतो, आणि खालीं कठीण खडक असल्यामुळें भूमीच्या पोटांत थोडेंच पाणी मुरतें. ही अडचण पूर्वजांनीं ओळखली होती. गोंड राजांच्या अमदानींत, जो तळें बांधील त्याला त्या तळ्याखालीं भिजणारी जमीन द्यावी अशी रीत होती, असें परंपरेनें सांगतात. कोहळी समाजानें तर तळीं बांधणें हेंच आपलें कसब मानलें. वरच्या अंगाला बोडी, तिच्याखालीं तळें, आणि तळ्याखालीं धानाच्या बांध्या, अशी ती रचना. ज्यांस आज लोक मामा तलाव म्हणतात तीं हीं मालगुजारी तळीं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक आहेत. तळ्याचें काम धान भिजविण्यापुरतेंच नव्हतें. तळें भरलें कीं त्याचें पाणी हळूहळू जमिनींत झिरपे, आणि खालच्या अंगाच्या विहिरीला उन्हाळ्यांतहि झरा राही. विहिरीचें पाणी म्हणजे बहुधा तळ्याचेंच मातींतून गाळून आलेलें पाणी होय.

१९५१ सालीं मालगुजारीची पद्धति रद्द झाली. आपला जिल्हा त्या वेळीं मध्यप्रदेशांत होता. तें योग्यच झालें. वेठबिगारीचे दिवस परत यावेत असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु तळीं सरकारच्या मालकीचीं झालीं, आणि दरसाल गाळ काढण्याची व पाळ दुरुस्त करण्याची गांवाची संवय हळूहळू मोडली. जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं, अशी स्थिति झाली. कित्येक तळीं गाळानें उथळ झालीं, कांहींत बेशरमीचें रान माजलें, कांहींच्या पोटांत शेतें शिरलीं. आभाळ बदललें हें खरें. पण त्याआधींच घरांतला रांजण अर्धा बुजला होता, हें विसरतां कामा नये.

आतां आभाळाकडे वळूं. दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायु जाळल्यानें जो कार्बन डाय-ऑक्साइड हवेंत साठतो, तो पृथ्वीची उष्णता सहजासहजीं बाहेर जाऊं देत नाहीं. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा कोण्या दूरदेशाचा विषय नव्हे. आपल्याच जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी आहेत, आणि चंद्रपूरचें सुमारें २९०० मेगावॅटचें वीजकेंद्र त्याच कोळशावर चालतें. आपल्या घरांतील दिवाहि कोळशाच्या विजेवर जळतो, म्हणून एकट्यादुकट्यावर बोट ठेवून भागणार नाहीं.

हवा एका अंशानें तापली म्हणजे ती सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरूं शकते. त्यामुळें पाऊस येतो तेव्हां एकदम कोसळतो, आणि दोन पावसांमधील उघडीप लांबते. पृथ्वी विज्ञान मंत्रालयानें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असें नमूद आहे कीं, १९०१ ते २०१८ ह्या काळांत भारताचें सरासरी तपमान सुमारें ०.७ अंशानें वाढलें. १९५१ ते २०१५ ह्या काळांत देशाचा मोसमी पाऊस सुमारें ६ टक्क्यांनीं घटला. उलट मध्य भारतांत एका दिवसांत १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ पर्यंत सुमारें ७५ टक्क्यांनीं वाढले. शेतकऱ्याला हे आंकडे सांगावे लागत नाहींत. पऱ्हे तयार असून रोवणीला पाणी नाहीं, आणि धान लोंबीला आलें असतां बांध फोडून पाणी वाहतें, हें तो डोळ्यांनीं पाहतो.

उथळ तळ्याला ही चाल सोसत नाहीं. मोठ्या सरीचें पाणी सांडव्यावरून निघून जातें, आणि जातांना उघड्या माळाची माती तळ्यांत टाकून जातें. पुढें उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे चढला कीं उरलेलें पाणी झपाट्यानें आटतें. जें मागें राहतें त्यांत गुरांची घाण व शेवाळ दाटतें. तळें आटलें कीं विहीर आटते. विहीर आटली कीं आपण बोअर खोदतों. येथें रोगाचें दुसरें रूप सुरू होतें.

खोल खडकांतील पाणी तेथें वर्षानुवर्षें कोंडलेलें असतें. ग्रॅनाइट व नाइस जातीच्या खडकांतील कांहीं खनिजांत फ्लोराइड असतें. पाण्याचा त्या खडकाशीं जितका अधिक काळ संबंध, तितकें तें पाण्यांत अधिक उतरतें. चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गांवांच्या पाण्यांत तें मर्यादेबाहेर आढळलें आहे. भारतीय मानकाप्रमाणें एक लिटर पाण्यांत १ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड नसावें. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावें. त्याहून अधिक फ्लोराइडचें पाणी लहानपणापासून पोटांत गेलें तर मुलांच्या दांतांवर पांढरे व तपकिरी डाग पडतात. प्रमाण फार असेल आणि पुष्कळ वर्षें तेंच पाणी प्यालें, तर सांधे आखडतात व पाठ वांकते. उन्हांत राबणारा मजूर पाणी अधिक पितो, म्हणून त्याच्या शरीरांत हें द्रव्यहि अधिक जातें. उष्णता जसजशी वाढेल तसतसा हा भार गरिबावरच अधिक पडेल.

येथें एक गोष्ट मातांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. असें पाणी दिसण्यांत स्वच्छ असतें व चवीनें ओळखूं येत नाहीं. उकळल्यानें जंतु मरतात, पण फ्लोराइड जात नाहीं. पाणी आटल्यामुळें त्याचें प्रमाण उलट वाढतें. तेव्हां आजार जंतूंचा कीं खडकाचा, हें ओळखल्यावांचून केलेला उपाय व्यर्थ होय.

अतिवृष्टीची गोष्टहि निराळी नाहीं. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाचे ३३ हि दरवाजे उघडावे लागले, आणि वैनगंगेच्या पुरानें आपल्या शेजारच्या ब्रह्मपुरी तालुक्यांतील गांवें वेढलीं. पूर विहिरींत शिरला म्हणजे उकिरड्याची व शौचकूपांची घाण तींत उतरते; दारांत पाणीच पाणी असतें आणि घागर मात्र रिकामी राहते. त्याच गोसीखुर्दाच्या जलाशयांत वैनगंगेबरोबर कन्हानेचें पाणी येतें, आणि कन्हानेला नागनदी नागपूर शहराचें सांडपाणी आणून देते. त्या धरणाच्या उजव्या कालव्याची घोडाझरी शाखा आपल्याच भागाच्या शेतीसाठीं आखलेली आहे. नदीला पाणी भरपूर असतें तेव्हां घाण पातळ होते. पाऊस लांबला कीं तीच घाण दाट होते. कमीपणा आणि वाईटपणा हे एकाच घरचे आहेत, तें असे.

मग आपण काय करावें? आभाळ आपल्या हातांत नाहीं. परंतु पाळ, विहीर आणि घागर हीं आपल्या हातांत आहेत.

पहिलें काम, पाण्याची परीक्षा. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्यें गांवांतील महिलांना पाणी तपासण्याच्या पेट्या व शिक्षण देण्याची योजना आहे. आपल्या भगिनींनीं त्यांत पुढाकार घ्यावा. प्रत्येक हातपंप व विहीर पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां तपासावी. जेथें फ्लोराइड अधिक निघेल त्या पंपाला लाल रंग द्यावा, आणि तें पाणी पिण्यास व रांधण्यास न घेतां केवळ धुण्यास वापरावें.

दुसरें काम, निर्दोष पाणी मिळविणें. जेथें तळ्याखालची उथळ विहीर जिवंत आहे तेथें तिला वाचवावें, तिला कठडा व झांकण करावें, आणि तिचें पाणी उकळून किंवा क्लोरिन घालून प्यावें. जेथें दुसरा स्रोतच नाहीं तेथें नागपूरच्या नीरी संस्थेनें बसविलेली नलगोंडा पद्धति आहे. तींत तुरटी व चुना यांच्या योगें फ्लोराइड खालीं बसवितात. मात्र हें प्रमाण जाणत्याच्या देखरेखीखालीं ठरवावें, घरच्या अदमासानें नव्हे.

तिसरें काम, तळ्याचा गाळ. राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासूनची आहे. गाळ शेतांत टाकला तर जमीन सुधारते, आणि तळ्यांत पावसाच्या पाण्याला जागा होते. परंतु यंत्र आलें म्हणून वाटेल तितकें खोल खणूं नये. तळाचा चिकण मातीचा थर फुटला तर तळें पाणीच धरीत नाहीं. वरच्या अंगाचें रान राखल्यावांचून काढलेला गाळ दोन पावसांत परत येईल, हेंहि ध्यानांत असावें. आणि बोअरच्या पाण्यावर उन्हाळी धान घेण्याचा मोह पडला, तर शेजाऱ्याच्या पिण्याच्या विहिरीचा विचार आधीं करावा.

पाणी पुरवितांना शेवटच्या टोल्याला शेवटीं ठेवण्याची रीत आपल्यांतून जावी. सुरक्षित पिण्याचें पाणी हा मनुष्याचा मूलभूत हक्क आहे, असें पोप फ्रान्सिस महाराजांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकांत स्पष्ट सांगितलें आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेंहि तो हक्क २०१० सालीं मान्य केला आहे. हक्क कागदावर आहे. त्याला घागरींत उतरविणें हें शेजाऱ्यांचें काम आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकांत इसहाकाची एक लहानशी गोष्ट आहे. त्याचा पिता अब्राहाम याच्या काळीं खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या होत्या. इसहाकानें त्या पुन्हां उकरल्या, आणि बापानें दिलेलींच नांवें त्यांस पुन्हां दिलीं. त्याला नवीन भूमि शोधावी लागली नाहीं. बुजलेलें उघडावें लागलें. आपल्याहि पूर्वजांनीं, मग ते गोंड असोत, कोहळी असोत वा आणखी कोणी, ह्या भूमींत तळीं बांधून ठेवलीं आहेत. त्यांचीं नांवें अद्याप आपल्या तोंडीं आहेत. येत्या उन्हाळ्यांत, पाऊस पडण्यापूर्वीं, आपल्या गांवाचें एक तळें व एक विहीर हातीं घ्यावी. धर्म, जात व पक्ष न पाहतां सर्वांना बोलवावें. आणि पुढच्या वर्षीं त्या विहिरीचें पाणी तपासून पाहावें. महोत्सवाचें ह्याहून चांगलें स्मारक मला तरी सुचत नाहीं.