पाणी नव्हे, ओल

शाळेत तीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं. दर पावसाळ्यात फळ्यावर तेच चित्र काढायचो : अंडी, पाण्यात पोहणारा शेपटीवाला भैकेर आणि मग चार पायांचा बेडूक. खाली वाक्य लिहायचो, 'बेडकाला वाढण्यासाठी पाणी लागते.' हे वाक्य अपुरं होतं, हे निवृत्तीनंतर मला एका इवल्याशा बेडकाने शिकवलं.

हा बेडूक पापुआ न्यू गिनीच्या वर्षावनातला. २००९ साली ख्रिस्तोफर ऑस्टिन आणि एरिक रिटमायर हे अमेरिकी संशोधक अमाऊ गावाजवळ रात्री बेडकांचे आवाज टिपत होते. किड्यासारखी किरकिर ऐकू येई, पण ओरडणारा काही दिसेना. शेवटी आवाज येत होता तिथला पालापाचोळा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत भरला आणि एकेक पान तपासलं. तेव्हा एका पानावरून टुणकन उडी पडली! सरासरी लांबी ७.७ मिलिमीटर, म्हणजे बासमतीचा एक दाणा. २०१२ साली त्याचं 'पीडोफ्रायनी अमाउएन्सिस' असं बारसं झालं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत तेव्हा तो सर्वांत लहान ठरला. २०२४ साली हा मान ब्राझीलच्या एका बेडकाकडे गेला. त्यातला एक नर भरला ६.४५ मिलिमीटर. तोही पाचोळ्यातच राहणारा!

मंडळी, हा योगायोग नाही. पाचोळ्यात बारीक किड्यांचं अन्न मुबलक असतं आणि मुख्य म्हणजे ओल असते. बेडकाच्या कातडीतून पाणी सहज उडून जातं. शरीर जितकं लहान, तितकं ते लवकर सुकतं. या बेडकांच्या जन्मकथेत डबकं नाहीच. अंड्यातच भैकेराची अवस्था उरकते आणि बाहेर येतो तो छोटा बेडूकच. आपल्या सह्याद्रीतल्या अनेक झुडपी बेडकांचीही हीच रीत आहे.

पण त्यामुळेच त्यांचं जगणं नाजूक आहे. वरची झाडं तुटली की ऊन थेट जमिनीवर येतं, पाचोळा वाळतो. दाण्याएवढा जीव तिथून जाणार किती लांब? तळं आटलं तर गावाला कळतं. पाचोळा वाळलेला कुणाच्या ध्यानात येतो?

माझ्या अंगणातला पाचोळा मी आता पेटवत नाही, आंब्याच्या बुंध्याशी ओढून ठेवतो. आणि जुने विद्यार्थी भेटले की सांगतो, बाबांनो, ते वाक्य दुरुस्त करून घ्या. 'पाणी' खोडा, 'ओल' लिहा.